फ्रिजवरचा तक्ता

सलिलला ऑफिसचा मेल आला: पाच वर्षं घरून काम पुरे, दोन नोव्हेंबरपासून ऑफिसला या, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट संपलं.

त्याच्या बायकोने, मेधाने, फ्रिजवर तक्ता लावला. ‘पहिल्या दिवशी अर्धा तास बाहेर, मग रोज थोडं वाढवायचं. वारा असेल तर आडोशाला. गारठ्याआधी आत. चौदा दिवसांत सवय होईल.’

कॅनबेरातल्या गुंगालिनच्या थंडीत घरात उगवलेली रोपं अशीच हळूहळू बाहेर काढतात, हे सलिलला माहीत होतं. त्याने टोमॅटोच्या रोपांचे ट्रे न चुकता बॅकयार्डात नेले आणि रोज लगेच हीटरपाशी येऊन बसला.

चौदाव्या दिवशी तो म्हणाला, “बघ, एकही रोप दगावलं नाही.”

 

“तक्ता तुझ्यासाठी होता,” मेधा म्हणाली. “आता सोमवारी ऑफिसला टोमॅटोंना पाठव.”