वाकडी सुई

कल्याणच्या तारघरात टेबलावर एक सुईयंत्र, एक मापपेटी आणि तुळसाने नवऱ्यासाठी आणलेल्या तीन भाकऱ्या होत्या. तिचा रघू दुरुस्तीला खांबावर चढला की झटका बसू नये म्हणून तार जमिनीला जोडायचा आणि उतरताना सोडवायचा. तोवर संदेश बंद, सुई वाकडी. आज ती दुपारपासून वाकडीच होती. “मास्तर, उतरला का नाय वो?” तुळसाने विचारलं. “अजून वरच आहे, बाई,” तारमास्तर गुरुदत्त म्हणाला. “आळशी कुठचा! टिटवाळ्याच्या खांबावर झोपला असंल.” टिटवाळा इथून सात मैल. तेवढ्यात गाडीचा गार्ड डोकावला. “मास्तर, दुपारी खडवलीजवळ तारेवर वीज पडली म्हणे, इथून अकराव्या मैलाला.” तुळसाने भाकऱ्यांचं फडकं घट्ट धरलं. “आमचा सातव्यालाच असंल ना, मास्तर?” गुरुदत्तने मापपेटी लावून, तार जमिनीला जोडलेल्या जागेपर्यंतचं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं. अकरा मैल.