प्लास्टिकखालचं पाणी

दिनेशने प्लास्टिकचा कोपरा उचलला आणि त्याचं तोंड उतरलं. आतून पुन्हा थेंब जमले होते.

"ओलं हाय?" मागून सुकलूभाऊंनी विचारलं.

"ओलंच. यावर टाइल बसवली तं पावसाळ्याआधी उखडून येईन."

"मंग नको बसवू. तवर कुंपन घे करून," सुकलूभाऊ खुशीत म्हणाले.

गोंडपिपरीहून दिनेश रोज मोटरसायकलने जंगलातल्या या गावात येत होता. सुकलूभाऊंच्या नव्या घरात सिमेंटच्या जमिनीवर टाइल बसवायच्या होत्या. त्याआधी तो नेहमी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवी. सकाळी खाली थेंब दिसले, की जमिनीत ओल आहे असं समजायचं.

त्याने सगळे उपाय केले. भिंतीलगत चर खणून छपराचं पाणी लांब काढलं. खिडक्या उघडल्या, पंखा लावला. बाकीची जमीन खडखडीत वाळली, पण प्लास्टिकखालची ओल हटेना. एका कोपऱ्याची चिकटपट्टीही रोज सुटलेली असे. धुळीमुळे सुटत असेल, असं त्याला वाटे.

वाट पाहता पाहता कुंपण झालं. गोठ्यावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरून झाले, सरपण फोडून झालं. सुकलूभाऊंची बायको बुधरीबाई त्याला पोटभर जेवू घालत आणि उगाच पदराआड हसत.

दिनेशला मात्र हसू येत नव्हतं. सुकलूभाऊंची मुलगी रीना गोंडपिपरीच्या दवाखान्यात नर्स होती. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं, पण घरी कुणाला सांगितलं नव्हतं. "आधी फरशी दाखव, मंग तोंड उघड," असं तिनेच बजावलं होतं. आता फरशीच होईना, तर कोणत्या तोंडाने मागणी घालायची?

रविवारी रीना घरी आली होती. तिच्यासमोरच त्याने प्लास्टिक उचललं. थेंब होतेच.

"काऊन रे, तुह्या हातालेच पानी सुटते का?" ती म्हणाली.

दिनेशने प्लास्टिक खाली टाकलं. डोळे मिटून टाइल बसवल्या असत्या, तर आज कुणाला कळलंही नसतं. पण तेवढं त्याच्याने होईना.

"सुकलूभाऊ, मले नाई जमत. तुमाले फसवून लावून देऊ शकत नाई. दुसरा मिस्त्री पाहा."

रीनाचा चेहरा पडला. बुधरीबाई मात्र खो खो हसत सुटल्या. "बस झालं आता! लेकरू रडन ना!" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

सुकलूभाऊंनी दिनेशच्या खांद्यावर हात ठेवला.

"रोज पहाटे मीच पट्टी सोडून खाली ओंजळभर पानी टाकत होतो, पोरा. तुमचं दोघाइचं आमाले कवाच समजलं होतं. आमच्यात पोरगी मांगणाऱ्याले आधी सासऱ्याच्या घरी राबा लागते, अन् तू तं दोन दिवसात फरशी लावून मोकळा झाला असता!"