गेटवरचा कॅमेरा

विशाखानं रविवारभर राऊटरशी झटून गेटवरचा कॅमेरा आपल्या मोबाईलला जोडला. आता बिडकीनच्या कंपनीत बसूनही घराचं दार दिसणार होतं, आणि बटण दाबलं की तिथून दारात बोलताही येणार होतं.

"दारात कोण आलं ते बघायला मला डोळे हायेत की!" तिचे वडील, कडुबाअण्णा, कुरकुरले.

शुक्रवारी तिला बघायला येणारी मंडळी तासभर आधीच टपकली. विशाखा अजून कंपनीच्या बसमध्येच. तिनं घाईघाईनं मोबाईल उघडला. बाकीचे गाडी लावत होते, आणि नवरामुलगा धम्मपाल गेटपाशी एकटाच उभा राहून बंद दाराला "जय भीम, काका" म्हणून बघत होता. एकदा हळू, एकदा जोरात. मग बूट पँटीला मागं पुसले आणि पुन्हा एकदा, कुंडीतल्या जास्वंदीला, अगदी हात जोडून.

विशाखाला हसू आवरेना. मोबाईल गच्च धरून ती शेजारच्या शालूला म्हणाली, "अगं, कसलं गोड ध्यान हाय हे! मी तर ह्याच्याशीच लग्न करणार!"

घरी पोचल्यावर साडी नेसून, होता नव्हता तेवढा गंभीरपणा तोंडावर आणून ती चहा घेऊन बाहेर आली.

अण्णांनी घसा खाकरला. "मोकळं बोला, धम्मपाल. पोरगी पसंत हाय का?"

धम्मपाल कानापर्यंत लाल झाला.

"माझं सोडा, काका. मी तर गेटवरच पसंत पडलो. तुमचा कॅमेरा लई जोरात बोलतो."