डावीकडे ओढणारं हेलिकॉप्टर

"त्या बटणांना हात लावायचा नाही," बसचा ड्रायव्हर म्हणाला.

दातांच्या डॉक्टरांनी रिमोटवरचा हात मागे घेतला. हेलिकॉप्टर गवतापासून वीतभर वर आलं होतं आणि तिथूनच डावीकडे निघालं होतं. ड्रायव्हरनं ते घाईघाईनं खाली टेकवलं.

"अहो काका, ती बटणं एवढ्यासाठीच असतात. डावीकडे ओढतंय ना? मग हे उजवीकडे चार वेळा दाबायचं. टिव, टिव, टिव, टिव. झालं सरळ."

"माझ्या मुलानं लावलंय ते. शेवटचं, स्वतःच्या अंगठ्यानं. राहू द्या."

आठवडाभर लोकांचे दात उपटणारा हा माणूस रविवारी मैदानावर हौशी मंडळींना रिमोटचं हेलिकॉप्टर उडवायला शिकवायचा. ड्रायव्हरच्या मुलालाही त्यानंच शिकवलं होतं. मागच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि दहा दिवसांत मुलगा गेला. चोविसावं पूर्ण व्हायचं होतं.

"तीस वर्षं बस चालवतोय," ड्रायव्हर म्हणाला. "डेपोतली एक गाडी सरळ जाईल तर शपथ! ओढणाऱ्या गाडीला धरून ठेवायचं असतं."

मुलगा शंभरदा म्हणाला असेल, "बाबा, एकदा उडवून तर बघा." आणि यानं दर वेळी म्हटलं होतं, "मला माझी बस पुरे आहे." आता त्याला एकच करायचं होतं. मुलाच्या वाढदिवसाला ते हेलिकॉप्टर मैदानावर एक गोल फिरवायचं आणि न मोडता उतरवायचं. मुलानं ठेवलं होतं तसंच, एक बटणही न हलवता. मधे अकरा रविवार होते.

बायकोला हे पसंत होतं की नव्हतं, कळायला मार्ग नव्हता. मुलगा गेल्यापासून ती त्याच्या खोलीत पाऊल टाकताना दिसली नव्हती. तिथला केरही ड्रायव्हरच काढायचा. पहिल्या रविवारी तो हेलिकॉप्टरचा खोका घेऊन निघाला तेव्हा ती दाराशी आली.

"मोडलं तर?"

"नाही मोडणार."

"ते मोडलं तरी एक वेळ चालेल. रिमोट तेवढा नीट परत आणा."

हिला काय कळतंय त्यातलं, असं म्हणत तो जिना उतरला.

शिकताना नाकी नऊ आले. हेलिकॉप्टरच्या खाली चार लांब काड्या बांधल्या होत्या, टोकांना चेंडू. लेकराला पांगुळगाडा देतात तसंच. शेपटी आपल्याकडे असेपर्यंत सगळं सोपं, पण तोंड आपल्याकडे वळलं की डावं ते उजवं होऊन बसायचं. आणि त्यात ती ओढ. कधी डावीकडे, कधी मागे. एका रविवारी तर ते चक्क शहाण्यासारखं सरळ उभं राहिलं.

डॉक्टरांनी डोकं खाजवलं. "आतलं काहीतरी थकलंय बहुतेक."

"चाकातली हवा कमी-जास्त झाली की गाडीचंही असंच होतं," ड्रायव्हर म्हणाला.

पण मनातून तो सुखावायचा. पोरगं असंच लहरी होतं. आज रुसलंय, आज खुशीत आहे. ओढीच्या उलट अंगठा दाबून धरला की पलीकडूनही कुणीतरी धरलंय असं वाटायचं. मग त्याला रडू यायचं. डोळ्यांत पाणी आलं की हेलिकॉप्टर दिसत नाही, म्हणून तो रडायचा नाही.

रिमोटची बॅटरी मात्र पार म्हातारी झाली होती. शुक्रवारी रात्री भरावी, तर रविवारी सकाळी अर्धी.

मुलगा होता तेव्हा रोज संध्याकाळी टेबलाशी बसून त्या रिमोटशी चाळा करायचा. टिव, टिव, टिव. बटण मधोमध आलं की एक लांब टीऽव. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "बंद कर रे ती टिवटिव! ताट वाढलंय." आणि ड्रायव्हर पेपरमागे हसायचा. आता तो ड्यूटीवरून यायचा तेव्हा घरात घड्याळाखेरीज काही वाजत नसे.

वाढदिवसाच्या रविवारी वारा नव्हता.

"आज काड्या काढू," डॉक्टर म्हणाले.

हेलिकॉप्टर वर गेलं आणि कधी नव्हे इतकं डावीकडे ओढायला लागलं. ड्रायव्हरनं अंगठा पांढरा पडेपर्यंत धरून ठेवलं. अर्धा गोल झाला. तोंड इकडे वळलं आणि नेमका तेव्हाच रिमोट किंचाळायला लागला. बॅटरी संपत आली होती.

"काका, बटण दाबू द्या!"

"नको!"

अंगठा भलतीकडे गेला. हेलिकॉप्टर कुशीवर आपटलं. पात्यांचे तुकडे झाले, शेपटी वाकली.

तीस वर्षांत त्याच्या नावावर एक अपघात नव्हता. गवतात गुडघे टेकून त्यानं तुकडे वेचले. "त्यानं एवढंच मागितलं होतं, डॉक्टर," तो म्हणाला, आणि आता काही बघायचं उरलं नव्हतं म्हणून पोटभर रडला.

घरी येऊन त्यानं खोका मुलाच्या टेबलावर ठेवला, रिमोट चार्जिंगला लावला. बायकोनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"रिमोट आणलात?"

"आणला. पाती मिळतात का बघून येतो."

दोन मजले उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं, मापासाठी मोडलेलं पातं घ्यायचं राहिलं. तो परत वर आला आणि किल्लीनं दार उघडलं.

टिव. टिव. टिव. टिव.

मुलाच्या खोलीचं दार उघडं होतं. बायको त्याच्या खुर्चीत पाठमोरी बसली होती. रिमोट मांडीवर होता, अंगठा त्या बारीक बटणावर. बघायचीही गरज पडू नये इतका सरावलेला अंगठा.

"बंद कर रे ती टिवटिव," ती हळूच म्हणाली. "ताट वाढलंय."