उठावाचा अंगठा

“फूल नको. बदाम तर मुळीच नको. माणसाले द्याचं कार्ड हाय, पोरीले नाई,” देवानंदभाऊंनी खुर्चीत बसायच्या आधीच बजावलं.

पुष्पांजलीला हसू आलं. नावातच फुलं घेऊन जन्मलेली बाई ती. संग्रामपुरात घराच्या पुढच्या खोलीत हातानं शुभेच्छाकार्डं बनवायची. पण बाप्यामाणसासाठी कार्ड मागायला आजवर कोणी आलं नव्हतं. आपल्याकडे भाऊ भावाला देऊन देऊन काय देतो? पाठीत धपाटा, नाहीतर शिवी.

तिनं मातकट रंगाचा जाड कागद घेतला. बैलजोडीचा ठसा काळ्या शाईत बुडवून दाबला. ओल्या शाईवर बारीक पावडर भुरभुरली, कागद झटकला आणि गरम हवेचं यंत्र धरलं. पावडर वितळली. बैल कागदातून वर उठले. देवानंदभाऊंनी भीतभीत बोट फिरवलं.

“हाताले लागते की वो!”

“उठावाचं काम असंच असते भाऊ. कोणाले द्याचं?”

“मोठ्या भावाले, दयारामदादाले. अकोल्याले दवाखान्यात हाय. डॉक्टर म्हणते, आठ-दहा दिवस.”

“मंग कार्ड काऊन पाठवता? जाऊन भेटा ना!”

“येऊ देत नाई मले. चौदा वर्सं झाली, बोलणं नाई.”

मग त्यांनी अडखळत सांगितलं. वडील, पुंजाजी, शेवटच्या दुखण्यात असताना वाटणीचा कागद झाला. विहिरीचं सगळं वावर धाकट्या देवानंदच्या नावानं. खाली पुंजाजींचा अंगठा. दयारामदादा त्या वेळी सोनाळ्याला सासुरवाडीत होते. परत आले तोवर वडील गेलेले, आणि हाती आला तो कागद. ते भांडले नाहीत, कोर्टात गेले नाहीत. त्यांनी फक्त भिंतीवरचा वडिलांचा फोटो उतरवला. आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी वाडवडिलांच्या नावानं घागर भरतात. त्यांच्या घरी पुंजाजींची घागर पुन्हा भरली गेली नाही.

“जित्या बापानं मले टाकलं, मेल्या बापाले मी टाकलं, असं म्हणते दादा,” देवानंदभाऊ म्हणाले. “त्याची पोरगी सांगते, त्या कागदाची झेरॉक्स अजून उशाखाली ठेवते. घडीघडी काढून पाह्यते. आता जाता जाता तरी बाबावरचा राग मनातून जाऊ दे त्याच्या. आत लिहा, ‘दादा, बाबाले माफ कर.’ अन् खाली बाबाचा अंगठा उठवून द्या. हात फिरवला का बाबा लागला पायजे हाताले.”

त्यांनी पिशवीतून मूळ कागद काढून टेबलावर ठेवला. निळा अंगठा अजून स्पष्ट होता.

पुष्पांजलीला भडभडून आलं. किती मायेचा माणूस! भाऊ तोंड पाहत नाही, तरी हा भाऊ आणि बाप यांची गाठ घालायला निघालाय. पण काम अडलं होतं.

“हा अंगठा नाई उठत भाऊ. वाळली शाई पावडर धरत नाई. नवा, ओला अंगठा पायजे.”

“मंग?”

“मंग काय, तुमचाच द्या! लेकाचा अंगठा बापावानीच असते. कोण भिंग घेऊन बसते पाह्याले?”

देवानंदभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. दयारामदादांची मुलगी राखी चारच्या एसटीनं अकोल्याला जाणार होती. तिनं कार्ड न्यायचं कसंबसं कबूल केलं होतं. साडेतीन वाजले होते.

“द्या भाऊ, लवकर द्या.”

त्यांनी हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. तिनंच अंगठा धरून शाईच्या गादीवर टेकवला, मग कार्डावर दाबला. पावडर टाकली, झटकली, यंत्र सुरू केलं. एकेक रेघ फुगून वर येऊ लागली. मधोमध मात्र तिरपी कोरी पट्टी राहिली.

“इथं उठलं नाई वाटते,” ती म्हणाली.

“ते नाई उठत. लहानपणी विळा लागला होता.”

अंगठा नीट बसला की नाही हे पडताळायला तिनं शेजारचा जुना कागद ओढला. त्या निळ्या अंगठ्यातही मधोमध तशीच तिरपी कोरी पट्टी होती.

यंत्र तिच्या हातात तसंच फूं करत राहिलं. तिनं ते बंद केलं. देवानंदभाऊंकडे बघायची तिला भीती वाटली. मघाचं आपलं भडभडून येणं आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली. आणि तरीही, समोर घामानं भिजलेला तो साठीचा माणूस पाहून तिला राहवलं नाही. तिनं जुना कागद पालथा घातला.

“भाऊ, बिनअंगठ्याचं दुसरं करून देऊ? पाच मिनिटांचं काम हाय. बैलजोडी अन् ती एक ओळ. कोणाले काई कळणार नाई.”

देवानंदभाऊंनी उठलेल्या अंगठ्यावर बोट ठेवलं. तो अजून गरम होता. त्यांनी बोट उचललं नाही.

“नको ताई. हेच द्या. दादानं चौदा वर्सं तो अंगठा पाह्यला, तो ओळखीन,” ते म्हणाले. “फक्त आतली ओळ बदला. लिहा, दादा, बाबाची घागर भर. बाबानं तुले टाकलं नव्हतं. टाकलं ते माह्या या अंगठ्यानं.”