राखणदार

फुप्फुसातली गाठ विरघळल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि आत्या तडक माझ्या प्रयोगशाळेत आली. “औषध आधी ज्यांना दिलंस, ते उंदीर दाखव.” ते उंदीर केव्हाच गेले होते, मी त्यांच्या पेशींचं चित्रण दाखवलं. पडद्यावर एक इवलीशी पेशी गाठीच्या पेशींना चाचपत फिरत होती. एकीला चिकटली आणि तिला फोडूनच हटली. “बाई गं, केवढीशी आणि केवढी दांडगी! पण हिने ओळखलं कसं?” “गाठीच्या पेशींवर वेगळी खूण असते. गाठ अशा राखणदारांना गुंगवते. औषध फक्त त्यांना जागं करतं.” “म्हणजे गाठीला मारलं माझ्याच पेशींनी?” “तुझ्याच.” आत्याने डोळे पुसले. “त्या उंदरांना पुरलं कुठे?” आम्ही पुरत नाही, हे सांगवेना. मी तिला पिंजऱ्यांच्या खोलीत नेलं. काचेआड पिल्लू झोपलेलं. आत्या वाकून पुटपुटली, “बाळा, तुझ्या पणजीने वाचवलं गं मला.”