जमीन दिसू दे

"काकू, ती खुर्ची पण आत घ्या. जमीन दिसू दे."

हेमालीनं मोबाइल डोळ्यांसमोर धरून खोली पुन्हा एकदा न्याहाळली. ती समोरच्या ब्लॉकमधली, इंटीरियरच्या दुसऱ्या वर्षाला. तिचं म्हणणं असं, की माणसाच्या डोळ्याला खोलीचं माप कळत नाही. मोकळी जमीन जेवढी जास्त दिसेल तेवढी खोली मोठी, असा तो अंदाज बांधतो. म्हणून मंजुळाबाईंचा दिवाण गेला, शिवणयंत्र गेलं, लोखंडी कपाट गेलं. दिवाणाच्या जागी बारीक पायांचा पलंग आला. खिडकीवरचा पडदा छताला जाऊन भिडला. गुलाबी भिंती पांढऱ्या झाल्या. मिस्टरांचा फोटो माळ्यावर गेला. मंजुळाबाईंची गादीही दिवसा तिथेच असे. रात्री ती काढून त्या स्वयंपाकघरात अंथरत.

त्यांनी कशालाच नाही म्हटलं नव्हतं. कोपरसारख्या लांबच्या उपनगरात भाडं किती मागायचं, असं हेमालीनं खोलीचे फोटो जाहिरातीत टाकताना विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "भाड्याचं राहू दे गं. संध्याकाळी कुणीतरी बेल वाजवायला हवी."

"आणि आल्या आल्या पोह्यांचा आग्रह करू नका," हेमाली दारात चप्पल घालत म्हणाली. "मुली घाबरतात."

"पोह्यांना?"

"तुम्हाला."

ती क्लासला गेली आणि थोड्या वेळानं बेल वाजली.

रुचिता चिपळूणची, ठाण्यात नोकरीला. बूट दाराबाहेर काढून ती आत आली आणि खोलीच्या मधोमध उभी राहून तिनं स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

"बाप रे, फोटोतल्यापेक्षा मोठी आहे! आता राहते तिथे आम्ही पाच जणी आहोत, काकू. मी कूस बदलली की चौथीचा फोन खाली पडतो."

मंजुळाबाई हसल्या. सकाळपासून त्यांनी एक वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं: मी पाचला उठते, पण भांडी वाजवत नाही, तू झोप हवी तेवढी. ते आता बोलावं, असं त्यांना वाटलं. पण रुचिता तोवर स्वयंपाकघरात डोकावली होती. ओटा कोरडा, पुसलेला. गॅसवर काही नाही.

"किती दिवस बंद होती हो जागा?"

"बंद नव्हती."

"हो? मग आधी राहायच्या त्या भारीच नीटनेटक्या असणार."

मंजुळाबाईंनी खोलीवरून नजर फिरवली. ती कुठे टेकावी हे त्यांना कळेना.

"होत्या," त्या म्हणाल्या.

"बरं झालं बाई. याच्याआधी तीन घरं बघितली. तिन्हीकडे मालकीण सोबतच राहणार. कुठे निघालीस, कधी येणार, कुणाचा फोन होता... एक तर म्हणाली, तू मला मुलीसारखीच. मी पाणीसुद्धा प्यायले नाही, तिथूनच परत." रुचितानं पलंगावर बसून दोन्ही पाय लांब सोडले. "ऑफिसात दिवसभर माणसं, घरी पण माणसं. मला ना, दार लावल्यावर कुणीच नकोय."

"अगं, मी पण..."

रुचिताचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता.

"थांब हां आई, दाखवते." ती उठली आणि फोन हळूहळू फिरवू लागली. "हा पलंग. ही खिडकी, हवा येते बघ. तिकडे किचन. आणि हे सगळं माझं एकटीचं!"

"मागे कोण उभंय?" फोनमधून आवाज आला.

"त्या होय? मालकीण काकू. जागा दाखवायला आल्यात. जातीलच आता."

"त्यांना म्हणावं जरा बाजूला व्हा. काही अंदाजच येत नाहीये मला."

रुचितानं ओशाळून मंजुळाबाईंकडे पाहिलं. "सॉरी हां काकू. एकच मिनिट."

"असू दे, असू दे," म्हणत मंजुळाबाई एक पाऊल मागे सरकल्या. फोन त्यांच्या दिशेनंच वळत होता. त्या आणखी मागे झाल्या. पाठीला दाराची चौकट लागली, तशा त्या उंबरा ओलांडून अनवाणीच पॅसेजमध्ये गेल्या आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

आतून आईचा आवाज आला, "हां, आता दिसली. केवढी मोठी आहे गं!"